हाडांची ओळख पटवणारा डॉक्टर : ह्यू फाल्कनर

हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेल्या शिवालिकच्या टेकड्यांमध्ये दगड झालेली हाडे सापडतात, ही गोष्ट नवी नव्हती. फेरिश्ताच्या इतिहासात चौदाव्या शतकातील एक नोंद आहे. फिरोजशाह तुघलकाने त्या डोंगराळ भागात कालव्यासाठी खोदकाम करवले, तेव्हा प्रचंड हाडे निघाली. त्यांतली काही हत्तींची होती, काही राक्षसी देहाच्या माणसांची मानली गेली आणि काही तर पूर्ण दगड झालेली होती. हाडे दिसली, लोकांना आश्चर्य वाटले, इतिहासकाराने नोंद केली. पण ती खरोखर कोणाची, हे पुढे सुमारे पावणेपाचशे वर्षे कोणी सांगू शकले नाही.

ज्याने ते सांगितले तो माणूस भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला एक तरुण डॉक्टर होता आणि त्याच्याकडे सोपवलेले काम होते सरकारी बागेची देखभाल. त्याचे नाव ह्यू फाल्कनर. हाडे गोळा करणारे लोक त्याच्या आधीही होते आणि त्याच्या काळीही पुष्कळ होते. कालव्याचे अभियंते, लष्करी डॉक्टर, जकात अधिकारी, पाद्री, वकील, शाळामास्तर, तुरुंगाधिकारी अशा हौशी माणसांनी जमवलेल्या हाडांना नाव, गाव आणि काळ मिळवून देण्यात फाल्कनर यांचे आयुष्य गेले. पृथ्वीवरील माणूस किती जुना, या प्रश्नाचे उत्तर बदलण्यात या कामाचा मोठा वाटा होता.

फॉरेस ते सहारनपूर

ह्यू फाल्कनर यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८०८ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फॉरेस या लहानशा गावी झाला. अॅबर्डीन येथे पदवी घेऊन १८२९ मध्ये एडिंबरा येथून ते वैद्यकशास्त्राचे डॉक्टर झाले. कंपनीच्या बंगाल विभागात साहाय्यक सर्जन म्हणून त्यांची निवडही झाली. परंतु त्या नोकरीसाठी बावीस वर्षे पूर्ण असण्याची अट होती आणि त्यांचे वय थोडे कमी पडत होते. मधला काळ त्यांनी लंडनमध्ये काढला. तेथे नॅथॅनिएल वॉलिक यांनी हिंदुस्थानातून आणलेल्या वाळवलेल्या वनस्पतींची वर्गवारी करण्यात त्यांनी मदत केली. त्याच दिवसांत जिऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहात ठेवलेली ब्रह्मदेशातील जीवाश्म हाडे त्यांच्या पाहण्यात आली. जॉन क्रॉफर्ड यांच्या वकिलातीने इरावतीच्या काठावरून ती आणली होती. वयाच्या अटीमुळे आलेल्या या सक्तीच्या विश्रांतीने त्यांच्या आयुष्याच्या दोन्ही वाटा आखून दिल्या. एक वनस्पतींची, दुसरी हाडांची.

सप्टेंबर १८३० मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. पोहोचताच एशियाटिक सोसायटीत पडून असलेल्या इरावतीच्या हाडांचा त्यांनी अभ्यास केला. पुढे त्यांची नेमणूक मीरतच्या लष्करी तळावर झाली आणि १८३२ मध्ये डॉ. रॉइल यांच्या जागी सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षकपद त्यांच्याकडे आले. हे सहारनपूर शिवालिकच्या टेकड्यांपासून जवळ. या टेकड्या वाळूखडक, चिकणमाती आणि गोट्यांच्या थरांनी बनलेल्या आहेत. असे थर युरोपात ज्या काळात तयार झाले त्याच काळातले हे असावेत, म्हणजे यांतही प्राण्यांचे अवशेष मिळायला हवेत, असा फाल्कनर यांचा कयास होता.

नाहनच्या राजाचा दात

सहारनपुरात फाल्कनर यांना आयुष्यभराचा स्नेही भेटला. प्रॉबी कॉटली हे बंगाल तोफखान्यातील अधिकारी दोआबातील कालव्यांचे काम पाहत होते. पुढे गंगेचा प्रचंड कालवा त्यांच्याच देखरेखीखाली झाला. कालवा खणणाऱ्या माणसाला जमिनीचे थर रोजच पाहावे लागतात, आणि कॉटलींची नजर त्यांत सापडणाऱ्या वस्तूंवरही असे. त्यांच्या हाताखालचे बेकर आणि ड्युरँड हे दोन तरुण लेफ्टनंटही या छंदात ओढले गेले.

१८३४ मध्ये नाहनच्या राजाकडून बेकर यांना हत्तीचा दगड झालेला दात मिळाला. ही बातमी फाल्कनर यांच्या कानी आली आणि त्यांनीही राजाकडून त्याच जातीचा एक तुकडा मिळवला. तो कोठून आला याचा माग लागताच ते त्या जागी गेले आणि सहा तासांत त्यांनी तीनशेहून अधिक हाडे गोळा केली, असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. त्यानंतरची काही वर्षे या चौघांनी शिवालिक अक्षरशः पिंजून काढला. हत्ती आणि मॅस्टोडॉनच्या अनेक जाती, पाणघोडे, गेंडे, घोडे, उंट, जिराफ, हरणे, रानडुकरे, अस्वले, तरस आणि मोठी मांजरे अशा प्राण्यांचे एक संपूर्ण गेलेले जग त्या टेकड्यांतून वर आले.

यांतल्या ड्युरँड यांचे नाव इंदूरकरांना वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. १८५७ च्या जुलैत इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला तेव्हा तेथे प्रभारी एजंट म्हणून होते ते हेच हेन्री मॅरियन ड्युरँड. तरुणपणी दगडातले हत्ती शोधणाऱ्या या गृहस्थांचा शेवट जिवंत हत्तीच्या पाठीवर झाला. १८७१ च्या प्रारंभी सरहद्दीवरील टांक येथे त्यांचा हत्ती ठेंगण्या वेशीखालून गेला आणि हौद्यात बसलेले ड्युरँड त्यात चिरडले गेले.

ग्रंथालयाविना अभ्यास

हाडे मिळाली, पण ओळखायची कशी? एखादे हाड ओळखायचे तर ते आज हयात असलेल्या प्राण्यांच्या हाडांशेजारी ठेवून पाहावे लागते. पॅरिसमध्ये क्युव्हिए यांच्या हाताशी जगभरचे सांगाडे होते. सहारनपुरात ना संग्रहालय होते ना ग्रंथालय. फाल्कनर आणि कॉटली यांनी यावर आपल्या परीने तोडगा काढला. आसपासच्या जंगलातील जनावरे मिळवून त्यांचे सांगाडे त्यांनी स्वतः तयार केले. एका बाजूला आजच्या गव्याचे, हरणाचे, वाघाचे हाड आणि दुसऱ्या बाजूला दगडातून सोडवलेले हाड अशी जोडी लावून, मापे घेऊन, फरक टिपून ते निर्णयाला येत.

मार्कंडा नदीच्या खोऱ्यात मिळालेली एक प्रचंड कवटी दगडातून मोकळी केल्यावर तिचे कोणत्याच जिवंत प्राण्याशी जमेना. दाढा रवंथ करणाऱ्याच्या, आकार जवळजवळ हत्तीएवढा आणि डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या. या प्राण्याला त्यांनी शिवाचे नाव देऊन शिवाथेरियम म्हटले. नाकाच्या हाडांच्या ठेवणीवरून त्याला लहानशी सोंड असावी असेही त्यांना वाटले. पुढील संशोधनाने तो जिराफाच्या कुळातला ठरला आणि सोंडेची कल्पना मागे पडली. परंतु तो रवंथ करणारा आहे हा मूळ निर्णय पक्का होता, आणि तो दाढांवरून घेतलेला होता.

फाल्कनर यांच्या स्वभावाची खरी ओळख मात्र एका छोट्या हाडाने होते. मिळालेल्या हाडांत घोट्याचे एक संपूर्ण हाड होते. ते लंगुराच्या घोट्याशी इतके तंतोतंत जुळत होते की शंकेला जागा नव्हती. त्या वेळेपर्यंत जगात कोठेही वानराचा जीवाश्म अधिकृतपणे जाहीर झालेला नव्हता. वानरे आणि माणूस ही सृष्टीतील अगदी अलीकडची भर आहे, असाच समज होता. म्हणजे ही बातमी युरोपभर गाजली असती. पण केवळ एका हाडावर एवढा मोठा निर्णय लोकांपुढे मांडू नये असे या दोघांना वाटले आणि आणखी पुरावा मिळेपर्यंत ते थांबले. ते थांबले असतानाच १८३६ मध्ये बेकर आणि ड्युरँड यांनी आपल्याला मिळालेला वानराच्या जबड्याचा तुकडा प्रसिद्ध केला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लार्ते यांनाही वानराचा जबडा मिळाला. फाल्कनर आणि कॉटली यांचा लेख त्यानंतर आला. मान गेला, पण थांबण्याची सवय फाल्कनर यांनी पुढेही सोडली नाही.

या कामासाठी १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने फाल्कनर आणि कॉटली यांना मिळून वोलॅस्टन पदक दिले. फाल्कनर त्या वेळी अवघे एकोणतीस वर्षांचे होते. बागेचे कामही चालूच होते. हिमालयाच्या उतारावर चहाची लागवड कोठे व्हावी याची पाहणी त्यांच्या सल्ल्याने झाली. १८३७ ते ३८ या काळात पेशावरमार्गे काश्मीर आणि बाल्टिस्तानपर्यंत जाऊन ते हिमनद्या पाहून आले. आपल्या फोडणीत रोज पडणाऱ्या हिंगाचे झाड अस्तोरच्या खोऱ्यात रानटी वाढलेले त्यांनी याच प्रवासात शोधले.

पाच टन हाडे आणि अपुरा ग्रंथ

१८४२ मध्ये प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी परतले. बरोबर वनस्पतींच्या सत्तर पेट्या आणि सुमारे पाच टन हाडे होती. कॉटली यांनी त्याआधीच दोनशेहून अधिक पेट्या ब्रिटिश म्युझियमला पाठवल्या होत्या. दगडात गुरफटलेली ही हाडे सोडवणे, तुकडे जुळवणे, वर्गवारी करणे आणि त्यांची चित्रे काढवून घेणे हे काम फाल्कनर यांच्याकडे आले. १८४६ पासून 'फॉना अँटिक्वा सिवालेन्सिस' या ग्रंथाचे भाग निघू लागले. जी. एच. फोर्ड या कुशल चित्रकाराने काढलेले शेकडो नमुने त्यांत आहेत. चित्रे शंभराहून अधिक पानांवर छापून झाली. पण त्यांचे विवरण करणारा मजकूर एका भागापलीकडे गेलाच नाही.

या ग्रंथात शिवालिकबरोबर नर्मदेच्या खोऱ्यातील हाडेही आहेत. जबलपूरचे डॉ. स्पिल्सबरी आणि त्यांच्यासारखे इतर अधिकारी नर्मदेच्या काठच्या गाळातून निघणारी हाडे कित्येक वर्षे एशियाटिक सोसायटीकडे पाठवत होते. सोसायटीचे चिटणीस जेम्स प्रिन्सेप ती जपून ठेवत आणि त्यांची माहिती छापत. ही हाडे शिवालिकच्या हाडांहून पुष्कळ अलीकडच्या काळातली आहेत, त्यांतला हत्ती वेगळा आहे, पाणघोडा वेगळा आहे, गुरे वेगळी आहेत, हे फाल्कनर यांनी दाखवून दिले. ग्रीक भूगोलकारांनी नर्मदेला नामादुस म्हटले होते. त्यावरून या हत्तीला नामाडिकस हे नाव मिळाले. याच हत्तीचे अवशेष पुढे गोदावरीच्या काठी, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथेही मिळाले. ज्या नद्यांच्या काठी आपण पिढ्यान्पिढ्या स्नानाला उतरतो, त्यांच्या दरडींत पाणघोडे आणि महाकाय हत्ती निजलेले आहेत, ही जाणीव आपल्याला प्रथम या कामाने दिली.

हत्तीच्या दाढा हा फाल्कनर यांचा खास प्रांत. हत्तीची दाढ आपल्या दाढेसारखी एकसंध नसते. ओळीत उभ्या केलेल्या पातळ फळ्या मधल्या मसाल्याने एकमेकींना चिकटवाव्यात तशी तिची घडण असते. चावून चावून ती झिजली की प्रत्येक फळीच्या कठीण आवरणाचा एक लांबट कंगोरा वर दिसू लागतो. शिवाय हत्तीच्या सर्व दाढा एकदम येत नाहीत. आयुष्यभरात जबड्याच्या प्रत्येक बाजूला एकामागून एक अशा सहा दाढा मागून पुढे सरकत येतात. परिणामी एकाच जातीच्या पिल्लाची, तरण्या हत्तीची आणि म्हाताऱ्या हत्तीची दाढ एकमेकींहून निराळी दिसते, आणि दोन जातींच्या दाढा नवख्याला सारख्या वाटतात. हौशी संग्राहक येथेच फसत, आणि केवळ संग्राहकच नव्हे. युरोपात सापडणारे सगळे जीवाश्म हत्ती एकाच जातीचे, म्हणजे मॅमथ, असे क्युव्हिए यांच्यासारख्यांचे मत होते.

फाल्कनर यांनी आधी दाढ कितवी आहे हे ठरवायचे आणि मगच फळ्या मोजायच्या, असा दंडक घातला. मधल्या तीन दाढांवरील आडव्या कडांची संख्या त्यांनी वर्गीकरणाचा पाया धरली. तीन कडांचे मॅस्टोडॉन एका गटात, चार कडांचे दुसऱ्या गटात. त्यांच्यापुढे छपराच्या उतारासारख्या बुटक्या कडांचा स्टेगोडॉन, मग शंकरपाळ्यासारखे कंगोरे असलेला आफ्रिकी हत्तीचा गट आणि शेवटी पुष्कळ पातळ फळ्या असलेले भारतीय हत्ती व मॅमथ. अशा रीतीने एका टोकाला मॅस्टोडॉन आणि दुसऱ्या टोकाला मॅमथ अशी सलग साखळी उभी राहिली. या कसोटीने युरोपातील एका हत्तीचे तीन हत्ती झाले आणि अमेरिकेतील मॅमथही वेगळा निघाला. त्याला फाल्कनर यांनी कोलंबसाचे नाव दिले. कोणत्या थरात कोणता हत्ती सापडतो हे कळल्यावर हत्तीची दाढ त्या थराचे वय सांगणारे साधन बनली. पुढे माणसाच्या प्राचीनतेचा वाद उभा राहिला तेव्हा हेच साधन कामी आले.

ग्रंथ अपुरा राहण्याचे एक कारण नोकरी हेही होते. १८४७ च्या अखेरीस ते पुन्हा हिंदुस्थानकडे निघाले. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक आणि मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर होती. तेनासरीमच्या सागवानी जंगलांची पाहणी, हिंदुस्थानात सिंकोनाची लागवड व्हावी ही शिफारस, एशियाटिक सोसायटीच्या जीवाश्मांची सूची ही कामे त्या काळातली. १८५५ मध्ये ते निवृत्त झाले.

संग्राहकांच्या दारी

उरलेली दहा वर्षे फाल्कनर यांनी युरोपभर फिरून हौशी लोकांचे संग्रह पाहण्यात घालवली. नॉरफोकच्या किनाऱ्यावर समुद्राने पोखरलेल्या कड्यांतून निसटणाऱ्या दाढा जॉन गन हे पाद्री जमवत होते. वेल्समधील गॉवरच्या किनाऱ्यावरील गुहा कर्नल वुड स्वतःच्या खर्चाने खणत होते. त्या गुहांतल्या गेंड्याची हाडे तपासताना तो नेहमीचा केसाळ गेंडा नसून निराळी जात आहे हे फाल्कनर यांच्या लक्षात आले. माल्टात आरमारातील कॅप्टन स्प्रॅट यांना एका गुहेत हत्तीची हाडे मिळाली. ती लहान होती, म्हणून पिल्लाची समजावीत असा मोह कोणालाही झाला असता. फाल्कनर यांनी दाढा पाहिल्या. दाढा पूर्ण वाढलेल्या, झिजलेल्या हत्तीच्या होत्या. म्हणजे हत्तीच ठेंगणा होता. बेटावर अडकलेले मोठे प्राणी पिढ्यान्पिढ्या लहान होत जातात, हे आज जीवशास्त्राचे विद्यार्थी शिकतात. त्याचे हे एक प्रारंभीचे उदाहरण.

सॅम्युएल बेकल्स हे निवृत्त वकील इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वानेज येथे खोदकाम करत होते. तेथील खडक डायनोसॉरच्या युगातले. त्यांतून त्यांनी उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांचे इवलेसे जबडे काढले. त्यांपैकी एकाचे वर्णन करताना फाल्कनर यांनी त्या जातीला बेकल्स यांचेच नाव दिले. हा प्राणी काय खात असावा यावर मात्र रिचर्ड ओवेन यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. ओवेन हे त्या काळी इंग्लंडमधील या शास्त्राचे सर्वाधिकारी. त्यांच्या मते हा प्राणी मांसाहारी होता. फाल्कनर यांनी ऑस्ट्रेलियातील उंदीर-कांगारूच्या दातांशी तुलना करून तो वनस्पती खाणारा असल्याचे सांगितले. पुढच्या काळाने फाल्कनर यांच्या बाजूने कौल दिला.

अबव्हिलची वाट

फ्रान्सच्या उत्तरेकडील अबव्हिल गावी बूशे द पर्त नावाचे जकात अधिकारी सोम नदीच्या जुन्या गाळातून गारगोटीची हत्यारे गोळा करत होते. त्याच थरांत नामशेष हत्ती आणि गेंड्यांची हाडे होती. म्हणजे माणूस त्या प्राण्यांच्या काळी हयात होता, असे त्यांचे म्हणणे. परंतु त्यांच्या ग्रंथातली चित्रे ओबडधोबड होती आणि कल्पना भरारी मारणाऱ्या होत्या. विद्वानांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. हा उपहास वर्षानुवर्षे चालला.

१८५८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिक्सहॅम येथे खाणकामगारांना एक अस्पर्श गुहा सापडली. तिचे शास्त्रशुद्ध खोदकाम व्हावे असा फाल्कनर यांनी आग्रह धरला. प्रत्यक्ष काम टॉर्कीचे शिक्षक विल्यम पेंगेली यांनी पाहिले. प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, कोठे आणि किती खोलीवर मिळाली याची नोंद ठेवली गेली. चुनखडीच्या अखंड थराखाली नामशेष प्राण्यांच्या हाडांसोबत गारगोटीची हत्यारे मिळाली. ती वरून घसरून आली असे म्हणण्यास जागा उरली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिसिलीकडे जाताना फाल्कनर वाट वाकडी करून अबव्हिलला उतरले. बरोबर त्यांची तरुण भाची ग्रेस मिल्न होती. बूशे द पर्त यांचा संग्रह त्यांनी स्वतः पाहिला. हत्यारे खरी आहेत आणि हाडे खरोखर नामशेष प्राण्यांची आहेत, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी भूगर्भशास्त्रज्ञ जोसेफ प्रेस्टविच यांना पत्र लिहून अबव्हिलला जाण्याचा आग्रह केला. १८५९ च्या वसंतात प्रेस्टविच आणि जॉन एव्हान्स तेथे गेले. आमियाँजवळच्या एका खाणीत त्यांनी गाळात घट्ट बसलेले हत्यार प्रत्यक्ष पाहिले आणि त्याचे छायाचित्र काढवून घेतले. ते परतल्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला आणि माणसाचा इतिहास काही हजार वर्षांचा असल्याचे जुने गणित कायमचे मोडले. ज्या जकात अधिकाऱ्याला वीस वर्षे कोणी दाराशी उभे केले नव्हते, त्याला न्याय मिळाला तो एका वाटसरू डॉक्टरच्या भेटीमुळे.

या कथेला एक कडू प्रकरणही आहे. १८६३ च्या मार्चमध्ये अबव्हिलजवळ मुलँ-किन्याँ येथील खाणीतून माणसाचा जबडा निघाल्याचे जाहीर झाले. आपल्या कामाचा हा परमोच्च बिंदू आहे असे वृद्ध बूशे द पर्त यांना वाटले. फाल्कनर यांनीही प्रथम विश्वास ठेवला. पण लंडनला परतल्यावर तेथून आणलेली एक सुटी दाढ करवतीने कापून पाहिली, तर ती आतून ताजी, पांढरी निघाली. हत्यारेही बनावट असल्याचे एव्हान्स यांनी सांगितले. फाल्कनर यांनी आपली शंका वर्तमानपत्रातून उघडपणे मांडली. फ्रेंच आणि इंग्रज विद्वानांची संयुक्त समिती बसली. जबडा त्या जागीच मिळाला हे बहुमताने मान्य झाले, तरी तो प्राचीन आहे हे फाल्कनर आणि बस्क यांनी मान्य केले नाही. बक्षिसाच्या आशेने मजुरांनीच तो तेथे पुरला होता, हे पुढे स्पष्ट झाले. ज्या स्नेह्याची बाजू त्यांनी जगापुढे आणली, त्याच्याच अखेरच्या आनंदावर पाणी फिरवणारे सत्य त्यांना सांगावे लागले. त्यांनी ते सांगितले.

अखेरचा प्रवास

फाल्कनर यांचा स्वभाव सर्वस्वी मवाळ होता असे नाही. श्रेय कोणाचे याबाबत ते काटेकोर होते. चार्ल्स लायल यांच्या १८६३ च्या ग्रंथात आपल्या आणि मित्रांच्या कामाला पुरेसा मान मिळाला नाही, म्हणून त्यांनी जाहीर तक्रार केली आणि हा वाद पुष्कळ चिघळला. चार्ल्स डार्विन यांच्याशी मात्र मतभेद असूनही स्नेह टिकला. प्राण्यांच्या जाती बदलत नाहीत असे मानणाऱ्या मान्यवर जीवाश्मशास्त्रज्ञांच्या यादीत डार्विन यांनी आपल्या १८५९ च्या ग्रंथात फाल्कनर यांचे नाव घातले होते. पुढे हत्तींच्या दाढांनीच फाल्कनर यांना विचार करायला लावले. जाती बदलत आल्या आहेत हे त्यांनी मान्य केले. फक्त नैसर्गिक निवडीने त्याचे पूर्ण स्पष्टीकरण होते का, याविषयी ते साशंक राहिले. तरीही १८६४ मध्ये डार्विन यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळावे म्हणून त्यांनी परदेशातून सविस्तर पत्र लिहिले. ते पदक डार्विन यांना मिळाले.

त्याच वर्षी ते जॉर्ज बस्क यांच्याबरोबर जिब्राल्टरला गेले. तेथील लष्करी तुरुंगाचे अधिकारी कॅप्टन ब्रोम कैद्यांच्या मदतीने गुहा खणत होते. ब्रोम यांनी इंग्लंडला पाठवलेल्या वस्तूंत एक जुनी कवटी होती. १८४८ मध्ये तेथील एका खाणीत ती मिळाली होती आणि तेव्हापासून दुर्लक्षित पडली होती. ती आजच्या माणसाची नाही हे फाल्कनर आणि बस्क या दोघांनाही दिसले. जिब्राल्टरचे प्राचीन नाव कॅल्पे. त्यावरून या मानवाला होमो कॅल्पिकस म्हणावे असे फाल्कनर यांनी सुचवले. हे नाव टिकले नाही. ती कवटी निअँडरथल मानवाची आहे हे आज सर्वज्ञात आहे.

परतीच्या प्रवासाचे हाल त्यांच्या आधीच खालावलेल्या प्रकृतीला मानवले नाहीत. संधिवाताच्या विकाराने छाती आणि हृदय ग्रासले आणि ३१ जानेवारी १८६५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. वयाची सत्तावन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ते अविवाहित होते. त्या वेळी ते रॉयल सोसायटीचे उपाध्यक्ष होते.

त्यांच्या मृत्यूनंतर चार्ल्स मर्चिसन यांनी त्यांचे विखुरलेले लेख, टिपणे आणि अपूर्ण खर्डे जमवून १८६८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्या खंडांची पाने उलटली की एक खंत वाटल्यावाचून राहत नाही. फाल्कनर यांची स्मरणशक्ती अफाट होती. कोणत्या देशातल्या कोणत्या कपाटातली दाढ कोणत्या दाढेशी जुळते, हे सारे त्यांच्या डोक्यात होते, आणि पुरावा पुरा झाल्याशिवाय लिहायचे नाही या बाण्यामुळे त्यातले बरेचसे कागदावर उतरलेच नाही. घोट्याच्या हाडाबाबत जे घडले तेच आयुष्याच्या हिशेबातही घडले. घाईने लिहिणाऱ्यांच्या चुका काळ दुरुस्त करतो. न लिहिलेले ज्ञान मात्र माणसाबरोबर जाते. सावधपणाची ही किंमत त्यांनी मोजली, आणि आपणही.

माणसाचे सर्वांत जुने अवशेष युरोपातील थंड गुहांपेक्षा उष्ण देशांतील मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांत शोधावेत, असे फाल्कनर यांचे मत होते. १९८२ च्या डिसेंबरमध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना सीहोर जिल्ह्यातील हाथनोरा येथे नर्मदेच्या गाळात आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला. नामाडिकस हत्तीची हाडे ज्या नदीच्या जुन्या गाळातून येतात, तीच ही नर्मदा.

फॉरेस गावी फाल्कनर बंधूंनी ठेवलेल्या देणगीतून १८७१ मध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. स्नेही जॉर्ज बस्क यांनी माल्टातील ठेंगण्या हत्तींपैकी सर्वांत लहान जातीला फाल्कनर यांचे नाव दिले. पूर्ण वाढलेला हा हत्ती खांद्याशी जेमतेम मीटरभर उंच होता. बेकल्स, वुड, स्प्रॅट, ब्रोम, बूशे द पर्त, स्पिल्सबरी या साऱ्यांनी मिळेल ते हाड जपले, कोठे मिळाले ते लिहून ठेवले आणि ओळखणाऱ्याच्या हाती दिले. नर्मदेच्या किंवा गोदावरीच्या दरडीत आजही एखाद्याला दगडासारखी जड दाढ दिसू शकते. ती घरी नेऊन देव्हाऱ्यात किंवा कपाटात ठेवण्याऐवजी तिची जागा नोंदवून जाणकाराला कळवणे, एवढे तर आपल्यालाही जमण्याजोगे आहे.